बामियानच्या वाटेवरची तीस पावलं

शालिक,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला कर्वेनगरच्या त्या हॉलमध्ये गेले, तर दारातच एका गृहस्थांनी मला थांबवलं. "आपण 'पलीकडचे देश' मधल्या ना? आम्ही एकही भाग चुकवला नाही." मग समोरच्या हार घातलेल्या फोटोकडे बघून त्यांनी आवाज उतरवून विचारलं, "आणि हे आपले कोण?"

तुझ्याच इमारतीत राहणारा माणूस होता तो. तुला रोज जिन्यात बघत असणार. मी म्हटलं, "तुम्ही टीव्हीवर जे जे बघितलंत, ते आधी ह्यांनी बघितलेलं होतं." त्यांना ते नीटसं कळलं नाही. मान हलवून ते खुर्ची शोधायला गेले.

फोटो तुझा नव्हताच म्हण. पासपोर्टसाठी काढलेला, मोठा केलेला, कान दिसावेत म्हणून मान ताठ केलेला. सुजाताने आदल्या दिवशी मला फोन केला होता. "आत्या, बाबांचा एखादा बरा फोटो असेल का तुमच्याकडे? घरी एकही नाही. सगळ्यांच्या लग्नात तेच कॅमेऱ्यामागे." मी कोथरूडच्या आपल्या संकलनाच्या खोलीत जाऊन बसले आणि दिवसभर जुनं चित्रण उलटसुलट पाहिलं. एवढे देश, एवढे तास, आणि तू कुठेही नाहीस. एका ठिकाणी वाळूवर तुझी सावली आहे, कॅमेऱ्याच्या तिपाईला चिकटलेली. एका ठिकाणी मी पडता पडता वाचते आणि चौकटीच्या कडेने एक हात येतो. बाकी फक्त आवाज. "हं. बोला." प्रत्येक वेळी तेवढेच दोन शब्द. सुजाताला फोन करून सांगितलं, "नाही गं बाळा, माझ्याकडेही नाही." ते सांगताना मला लाज वाटली.

म्हणून हे लिहिते आहे. तू कुठे जन्मलास, काय शिकलास, किती वर्षं काम केलंस, ते सगळं तिथे वाचून दाखवण्यात आलं. मला ज्याबद्दल बोलायचं आहे ते त्या कागदावर नव्हतं. ते कुणालाच माहीत नव्हतं.

आपली पहिली भेट आठवते? वाहिनीने मालिकेला होकार दिला होता. कल्पना साधी होती. पुण्यातल्या सहलकंपन्या जिथे कधीच कुणाला नेणार नाहीत, अशा देशांत जायचं आणि तिथली माणसं रोज सकाळी उठून काय करतात ते दाखवायचं. माझ्या आईच्या मैत्रिणी म्हणाल्या, "स्वित्झर्लंड बंद पडलंय का?" सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले, "दगडधोंडेच बघायचेत, तर पर्वती काय वाईट आहे?" ओळखीच्या तीन कॅमेरामननी यादी पाहिली आणि तिघांच्याही घरी अचानक कुणीतरी आजारी पडलं. मग कुणीतरी तुझं नाव सांगितलं. लग्नं छान काढतो, म्हणाले. घाई करत नाही.

तू चहाच्या टपरीवर आलास, इस्त्रीचा शर्ट घालून. भंडाऱ्याकडचा, वैनगंगेच्या काठचा माणूस. चिंचवडच्या कारखान्यात लागायला म्हणून पुण्यात आलेला आणि एका मित्राचा व्हिडिओ कॅमेरा हातात आल्यावर कारखान्यात परत न गेलेला. माझ्याशी तू अगदी पुस्तकातलं मराठी बोललास. "मॅडम, आपण यादी दाखवता का?" मी कागद दिला. तू बोट ठेवून एकेक देश वाचत खाली आलास. एका ओळीवर बोट थांबलं. तू कागद परत दिलास आणि म्हणालास, "येतो." पासपोर्टही नव्हता तुझ्याकडे तेव्हा. बोट कुठल्या ओळीवर थांबलं होतं, हे मी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

पहिले दोन देश मी तुला 'मेश्राम' म्हणत होते आणि तू मला 'मॅडम'. दक्षिण सुदानमधल्या गुरांच्या तळावर पहाटे तू मला उठवलंस. बाहेर शेणाचा धूर जमिनीलगत पसरला होता आणि त्या धुरातून लांबच लांब शिंगं वर आली होती, नजर पोचेल तिथपर्यंत. राखेने अंग माखलेली उंच माणसं त्यांच्यातून चालत होती. मी तोंडात तयार ठेवलेलं सगळं निवेदन विसरले. तू म्हणालास, "मॅडम, आज नका बोलू." तो भाग तसाच गेला, चार मिनिटं मी एक शब्द न बोलता. लोकांनी माझं कौतुक केलं, की मृणालला गप्प बसायचं कधी ते कळतं. मी कुणाचीच चूक दुरुस्त केली नाही.

तिसरा देश अफगाणिस्तान.

काबूलहून बामियानला निघालो तेव्हा गाडी नजीबची होती. पेशावरात लहानपण गेल्यामुळे त्याला उर्दू येत होतं, म्हणजे आपल्याला तो कळत होता. प्रत्येक नाक्यावर तो खिडकीतून सांगायचा की हे दोघं बहीण-भाऊ आहेत. बंदूकवाले एकदा तुझ्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघायचे. मी गोरी, घाऱ्या डोळ्यांची, तू काळा-सावळा आणि रुंद. एकजण नजीबला म्हणाला, "आई वेगळ्या असतील." नजीबने आपल्याला ते नंतर सांगितलं आणि पुढचे दहा किलोमीटर तू खिडकीबाहेर बघत एकटाच हसत होतास.

सकाळचे साडेसात-आठ झाले असतील. डोंगर उघडे, विटकरी, आणि मधूनच जांभळे. रस्त्याच्या कडेला एक जळका रणगाडा वर्षानुवर्षं पडलेला. मला थांबायचं होतं. बाईमाणसाला अशा प्रवासात आडोसा शोधावा लागतो, हे तुला सांगावं लागलं नाही; तू लगेच नजीबला गाडी थांबवायला लावलीस. रस्त्यापासून आत एक पडक्या मातीच्या घराची भिंत होती. मी तिच्यामागे गेले. रस्त्यापासून भिंतीपर्यंत साधारण तीस पावलं.

परत यायला निघाले आणि भिंतीच्या पुढे आले, तेव्हा मला ते दगड दिसले. रस्ता आणि मी यांच्या मध्ये, एका रांगेत, हातभर अंतराने ठेवलेले. रस्त्याच्या बाजूने ते साधे दगड होते. तिकडचा रंग ऊनवाऱ्याने उडून गेला होता. पण माझ्याकडच्या बाजूला रंग शिल्लक होता. लाल.

लाल दगडांचा अर्थ नजीबने आपल्याला काबूलमध्येच सांगितला होता. दगडापलीकडे जाऊ नका, जमिनीत सुरुंग आहेत, अजून काढलेले नाहीत. आणि मी दगडांच्या पलीकडे उभी होते.

मी ओरडले नाही. नजीब रस्त्यावरून दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडत होता आणि त्याला उर्दू सुचत नव्हतं. मग तुझा आवाज आला.

"हलू नको. जागची हलू नको तू."

त्या दिवसापर्यंत तू मला कधी 'तू' म्हटलं नव्हतंस. आणि तो आवाज टपरीवर भेटलेल्या माणसाचा नव्हता. पुण्यात तू जपून, तोलून बोलायचास, कुणी हसू नये म्हणून. हा तुझा गावचा आवाज होता.

तू गाडीतून तिपाई काढलीस. मी बघत होते. तू तिचे पाय शांतपणे उघडलेस, एकेक खटका लावलास, कॅमेरा वर बसवलास आणि लांबचं भिंग चढवलंस. खोटं बोलणार नाही, त्या क्षणी मला तुझा विलक्षण राग आला. मी इथे मरायला उभी आहे आणि हा माणूस चित्रण करतो आहे, असं वाटलं.

"आता ऐक," तू म्हणालास. "तू गेली तेव्हाचे पाय उमटले आहेत मातीत. तुले वरून दिसत नसतील, मले दिसून राह्यले. ऊन तिरपं आहे तोवर ठशात सावली आहे. वर चढलं की जाईल. म्हणून उभी राहू नको, आणि घाई पण करू नको. मी सांगतो तिथंच पाय ठेवाचा."

मी खाली पाहिलं. मला माती दिसत होती. बाकी काही नाही.

"उजवा पाय. पुढं नाही, जरा डावीकडं. अजून. तिथं. तुझी टाच होती तिथं आता चवडा येईल. ठेव."

मी ठेवला.

"आता डावा. लांब टाक. तू चालत होती तेव्हा ढांग मोठी होती तुझी. हाव, बराबर. ठेव."

शालिक, मी आजवर खूप आवाज ऐकले. निवेदनाचा धंदाच आहे माझा. पण माणसाच्या आवाजाला हात असतात, तो खांद्याला धरून माणसाला चालवू शकतो, हे मला त्या माळावर कळलं. एकदाही तो आवाज चढला नाही. एकदाही अडखळला नाही. लग्नात नवरीला जरा डावीकडे सरकायला सांगावं तसं तू मला मरणाच्या कडेने सरकवत होतास.

निम्म्यात आले आणि तू थांबलास. पुढचा पट्टा कडक होता, बारीक खडीचा. तिथे पाऊल उमटलेलं नव्हतं. भिंग फिरवल्याचा बारीक आवाज मला ऐकू येत होता, इतकी शांतता. ऊन मानेला लागायला लागलं होतं. माझे पाय थरथरायला लागले आणि मी म्हटलं, "मेश्राम, मला उभं राहवत नाही."

"राहवते," तू म्हणालास. "घाई कायची आहे? गाडी आपलीच आहे."

मी हसले. तिथे, त्या जागी. आणि हसल्यावर पाय स्थिर झाले.

मग तुला ते झुडूप दिसलं. वरून वाळकं, काट्याचं, घोट्याएवढं. त्याची एक काडी मोडलेली होती आणि मोडल्या जागी आतला हिरवा रंग अजून ओला होता. म्हणजे आत्ताच कुणाचा तरी पाय लागलेला. "ते तूच मोडलं," तू म्हणालास. "त्याच्या उजव्या अंगानं गेली होती तू. तुझ्या सलवारीले काटा असंल, पाह्य." मी पाहिलं. होता. एवढ्या लांबून एका काडीच्या तुटल्या टोकाचा ओलेपणा पाहिलास तू. त्या काडीवरून तू माझी दोन पावलं मांडलीस. पुढे पुन्हा माती लागली, पुन्हा ठसे. शेवटी लाल दगडांची रांग ओलांडून मी रस्त्यावर आले आणि खाली बसले.

नजीब रस्त्यावरच गुडघ्यावर बसून रडत होता. तू तिपाई मिटलीस, भिंग पुसून पेटीत ठेवलंस आणि मला पाणी दिलंस. "चल," एवढंच म्हणालास. मी तुला काहीच म्हटलं नाही. वाटलं, म्हणू नंतर. इतक्या मोठ्या गोष्टीला लगेच शब्द सापडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर आपण त्या कड्यासमोर उभे राहिलो. मी फोटो पुष्कळ पाहिले होते. फोटोत त्याचा आवाका कळत नाही. डोंगराच्या उभ्या भिंतीत कोरलेले ते दोन प्रचंड कोनाडे आणि दोन्हींत कुणी नाही. फोडून टाकलेल्या उभ्या बुद्धाची बाह्यरेषा तेवढी उरलेली, खांद्याचा उतार, डोक्याची गोलाई, आणि आत अंधार. खाली दरीत माणसं बटाटे काढत होती. पिवळी पडलेली उंच झाडं होती. सूर्य मावळतीला झुकला आणि अख्खा कडा केशरी पेटला. मी केस झाकले, जागेवर उभी राहिले आणि तुझ्या "हं, बोला" ची वाट पाहिली.

ते आलंच नाही. वळून पाहिलं तर तू कॅमेरा बंद केला होतास. चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या आणि त्या थंड मातीवर गुडघे टेकून, हात जोडून पुटपुटत होतास. बुद्धं सरणं गच्छामि. तेव्हा मला कळलं की त्या कागदावर तुझं बोट कुठे थांबलं असेल.

आणि तरीही मी काय म्हटलं? "शालिक, प्रकाश जातोय."

"जाऊ दे," तू म्हणालास, डोळे न उघडता.

तिथला राखणदार आला. पांढऱ्या दाढीचा, तिथल्या हजारा जमातीचा म्हातारा. तो तुझ्याकडे बघत राहिला आणि मग नजीबला काहीतरी म्हणाला. नजीबने सांगितलं, "चाचा विचारतात, आत तर काहीच उरलं नाही. हा हात कुणाला जोडतो आहे?"

तू उठलास, गुडघ्यांची माती झटकलीस. म्हणालास, "यांना सांग, आमच्या गावात विहार बांधायला जागा मिळाली आणि मग दहा-बारा वर्षं बांधायला काही जमलं नाही. नुसती जागा होती. माझी आई रोज संध्याकाळी त्या रिकाम्या जागेसमोर उभी राहून बुद्धवंदना म्हणायची. आम्ही तिथंच म्हणायला शिकलो. आम्हाला सवय आहे."

नजीबने ते सांगितलं. म्हाताऱ्याने तुझ्या चपला उचलल्या आणि तुझ्या पायांजवळ आणून ठेवल्या. तू घाईने वाकून त्याचे हात धरलेस. दोघंही तसेच वाकलेले, एकमेकांचे हात धरून. त्यामागे तो कडा, केशरीचा जांभळा होत चाललेला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर दृश्य होतं ते आणि ते चित्रित करायला कुणी नव्हतं. त्यावेळी मला ते नुकसान वाटलं. आता वाटत नाही.

कड्याचं चित्रण तू दुसऱ्या दिवशी पहाटे केलंस. ज्याला लोक अजूनही आपल्या मालिकेतलं सर्वोत्तम म्हणतात, ते हेच.

पुण्याला परतल्यावर आपलं भांडण झालं.

संकलनाला बसलो तेव्हा मी सुरुंगांच्या त्या सकाळचं चित्रण मागितलं. कॅमेरा तिपाईवर होता, म्हणजे ते असणारच. तू म्हणालास, "नाही." मला वाटलं, हरवलं. तू म्हणालास, "पुसलं. तिथंच, गाडीत."

मी काय काय बोलले ते आठवलं की आजही अंग आक्रसतं. मी म्हटलं, आख्ख्या मालिकेत असं काही मिळणार नाही. मी म्हटलं, देशोदेशीच्या वाहिन्यांनी ते विकत घेतलं असतं. तू म्हणालास, "मी ते काढत नव्हतो. पाहत होतो. कॅमेरा चालू राहिला ती चूक होती, ती दुरुस्त केली."

"मरणार मी होते. त्याचं काय करायचं हे ठरवणारा तू कोण?"

"तुझी आई प्रत्येक भाग बघते," तू म्हणालास. "डेक्कनच्या दुकानात भेटल्या तेव्हा सांगत होत्या."

"माझ्या आईचं मी बघून घेईन. तुला तुझं काम कळत नाही, एवढंच आहे ते. शेवटी लग्नंच काढलीस ना जन्मभर."

ते वाक्य माझं. दुसऱ्या कुणाचं नाही. तू कानावरचे हेडफोन काढलेस, त्यांची वायर नीट गुंडाळून टेबलावर ठेवलीस आणि गेलास. पुढचे पाच महिने आपण बोललो नाही.

त्यानंतरचा देश मी दुसऱ्या कॅमेरामनबरोबर केला. तरतरीत, हुशार, प्रत्येक गोष्ट तीन बाजूंनी टिपणारा. घरी येऊन पाहिलं तर सगळं होतं आणि काहीच नव्हतं. मग मी तुझ्या घरी फोन केला. तुझ्या बायकोने, वंदनाने सांगितलं की तू कर्वेनगरच्याच एका कार्यालयात लग्नाच्या कामावर आहेस. मी बोलावणं नसताना तिथे गेले, आहेर देणाऱ्यांच्या रांगेत उभी राहिले आणि कुणाच्या कोण असलेल्या त्या नवरा-नवरीशेजारी जाऊन उभी राहिले. तू कॅमेऱ्यामागून डोकं वर काढलंस. एक क्षण बघितलंस. मग म्हणालास, "मॅडम, जरा डावीकडे. नवरी झाकली जातेय."

जेवायला मी थांबले. पंगतीत तू शेजारी येऊन बसलास आणि मठ्ठा वाढून घेत विचारलंस, "पुढे कुठे?" बस, एवढंच. नंतर आपण आणखी चार देश केले. त्या चित्रणाचा विषय मी काढला नाही, तू काढला नाहीस. माफी मागायची राहिली. आभार तर त्याआधीपासूनच राहिले होते.

हिवाळ्यात तुझा खोकला थांबेना, मग फुप्फुसांच्या तपासण्या, मग डॉक्टरांचं ते हळू बोलणं. मी दर रविवारी येत होते. तू बोललास की दम लागायचा, म्हणून मीच बोलायचे. एका रविवारी तू विचारलंस, यादीत उरलेल्यांपैकी पुढचा देश कोणता. मी म्हटलं, चाड. तिथल्या वाळवंटात मधोमध दगडाच्या कमानी आहेत आणि खडकांच्या घळीत साठलेल्या पाण्यावर उंटांचे कळप येतात. "पाण्यावर सावली कुठल्या वेळेला पडते?" तू विचारलंस. मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "तुझ्याशिवाय जायची भीती वाटते." तू डोळे मिटून घेतलेस. मला वाटलं झोप लागली. मग म्हणालास, "वाटू दे. भीती वाटली की माणूस नीट पाहते."

पुढच्या बुधवारी तू गेलास. घरात, तुझ्याच पलंगावर, वंदना आणि सुजाता दोन्हीकडे बसलेल्या असताना.

परवा भन्तेजींचं प्रवचन झालं, लोक जेवले, पांगले. वाहिनीतला एकजण मला म्हणाला, मेश्रामांवर एक खास भाग करू या, सगळे थरारक प्रसंग एकत्र करून. मी म्हटलं, बघू. मग तुझ्या घरी आले. स्वयंपाकघरात वंदना आणि सुजाता भांडी आवरत होत्या. सुजाता म्हणाली, "आत्या, एक विचारू? बाबा तिथे नेमकं काय करायचे? घरी आले की म्हणायचे, मजेत झालं. त्याच्यापुढे काही नाही."

मी खाली फरशीवर बसले आणि त्यांना ती सकाळ सांगितली. भिंत, लाल दगड, तिपाई, मोडलेली काडी. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते. माझ्या आईलाही अजून माहीत नाही. माझं सांगून होईपर्यंत सुजाता हातात तेच ताट धरून उभी होती. मी म्हटलं, "तुझे बाबा घाबरतच नसत गं. मी असा माणूस पाहिला नाही."

वंदनाने नळ बंद केला, पदराला हात पुसले आणि ती माझ्यासमोर बसली.

"हे कधीची गोष्ट?" तिने विचारलं. मी सांगितलं.

"तरीच," ती म्हणाली. "तिथून आले तर पंधरा दिवस हे खाली पाहूनच चालत. रस्त्यानं, जिन्यात, घरात सुद्धा. आमी मंडईत गेलो होतो भाजीले. केवढी गर्दी. तर मले म्हणे, तू पुढं जाऊ नको, माझ्या मागं ये. मी पाय ठेवतो तिथंच पाय ठेव. मी हसली. म्हटलं, मंडईत काय साप आहेत का? तर म्हणे, हसू नको, ठेव. हात कापत होते यायचे. मले वाटलं, लांबच्या प्रवासानं अशक्तपणा आला असंल. मग मी बी गंमत म्हणून अख्खी मंडई यायच्या पावलावर पाय ठेवत फिरली. मेथीवाली हसत होती आमाले."

मग म्हणाली, "बाहेर आल्यावर रडले होते थोडे. मी विचारलं, काय झालं. म्हणे, धूळ गेली डोळ्यात."

सुजाताने ताट खाली ठेवलं.

पंधरा दिवस, शालिक. मी मनात हिशेब जुळवला. तेच पंधरा दिवस. तेव्हाच आपण कोथरूडच्या त्या खोलीत संकलनाला बसत होतो. तू रोज कर्वेनगरहून खाली बघत, एकेक पाऊल जोखत यायचास, आणि मी तुला सांगत होते की तुला तुझं काम कळत नाही. मला रस्त्यावर आणून तू सोडलंस आणि स्वतः मागेच राहिलास, त्या माळावर, एकटा. तुझा आवाज तेव्हा कापला नाही, कारण तो कापला असता तर माझा पाय चुकला असता. सगळं कापणं तू घरी आणलंस आणि भाजीच्या गर्दीत, जिथे कुणाला काही कळणार नाही, तिथे सांडलंस.

मी त्या खास भागाला नाही म्हणून कळवलं आहे. चाडला जाणार आहे. भीती वाटते आहे.

आणि हे तुझ्या तोंडावर सांगायचं होतं, ते आता इथे सांगते. मी जिवंत आहे ती तुझ्यामुळे. आणि तुला जे बोलले त्याबद्दल मला क्षमा कर.

तुझी,
मृणाल